म्हाताऱ्या चेहऱ्यावर हक्क कुणाचा?

म्हाताऱ्या माणसाचा चेहरा एकही सुरकुती न लपवता, आहे तसा दाखवला की त्याचा मान राखला गेला, अशी एक समजूत कलेविषयीच्या बोलण्यात पक्की बसली आहे. एचिंगमधल्या, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर काढलेल्या रेघा आम्लाने कोरून कागदावर छापलेल्या व्यक्तिचित्रांची गोष्ट निघाली की ती हमखास पुढे येते. तांब्याच्या प्लेटवर सुईने ओढलेल्या बारीक रेघा आणि कातडीवरच्या बारीक रेघा यांचं नातं इतकं उघड आहे की बघणारा लगेच म्हणून जातो, किती खरं, किती सुंदर! मला ही समजूत अपुरी वाटते, आणि थोडी धोक्याचीही. सुरकुत्या कुणीही काढू शकतो. चेष्टा करणाऱ्यांनीही त्या काढल्या आहेत, आणि तितक्याच बारकाईने काढल्या आहेत. मान राखला जातो तो दुसऱ्याच कशाने तरी. ते काय, हे जुन्या एचिंगमध्ये फार स्पष्ट दिसतं. आज म्हाताऱ्या माणसांची चित्रं पूर्वी कधी नव्हती इतकी सार्वजनिक झाली आहेत, म्हणून ते नीट पाहून घेणं गरजेचं आहे.

आधी चेष्टेचं पाहू. लिओनार्दो दा विंचीने वेड्यावाकड्या म्हाताऱ्या चेहऱ्यांची कितीतरी रेखाटनं करून ठेवली होती. दात गेल्यामुळे आत ओढलेलं तोंड, नाकाला भिडू पाहणारी हनुवटी, गळ्याशी लोंबणारी कातडी. प्रागमध्ये जन्मलेल्या व्हेन्सेस्लाउस हॉलरने १६४० च्या दशकात असे बरेच चेहरे एचिंगमध्ये उतरवले. हॉलरचा हात असा, की हात उबेत ठेवायच्या फरच्या मफचा मऊपणाही त्याने तांब्यावर आणून दाखवला. तेच कौशल्य या चेहऱ्यांनाही लाभलं आहे. तरीही त्यांच्यासमोर आपण माणूस पाहत नसतो, नमुना पाहत असतो. म्हातारपणी काय काय होतं ते बघा, एवढंच ते चेहरे सांगतात.

स्पॅनिश चित्रकार गोयाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. १७९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘लोस काप्रिचोस’ या ८० प्लेटांच्या मालिकेत ५५ व्या प्लेटचं नाव आहे ‘मरेपर्यंत’. आरशासमोर बसलेली एक जख्ख म्हातारी डोक्यावरचा साज नीट बसवते आहे आणि मागे तरुण मंडळी हसू दाबत उभी आहेत. दरबारातल्या बड्या स्त्रियांना मारलेला हा टोला आहे, असं फार पूर्वीपासून सांगितलं जातं. सत्तेला टोला हाणण्याचा कलावंताचा हक्क मला पूर्ण मान्य आहे, आणि गोयासारख्या निर्भय माणसाने तो जन्मभर गाजवला. पण या एका प्लेटमध्ये हसणारे कशाला हसताहेत? तिचं पद, तिचा पैसा, तिने केलेला अन्याय यांतलं काहीच चित्रात नाही. आहे ते तिचं वय, आणि या वयातही आपण चांगलं दिसावं ही तिची इच्छा. मला गोया अतिशय प्रिय आहे, तरी इथे मी त्या म्हातारीच्या बाजूचा आहे.

म्हणजे सुरकुती हुबेहूब काढणं हा काही मान राखण्याचा पुरावा नव्हे. मग पुरावा कशात शोधायचा?

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रां याने जवळपास ३०० एचिंग केली. त्यांतलं १६२८ सालचं एक, तो लायडनमध्ये होता आणि वयाने जेमतेम विशी ओलांडलेला होता तेव्हाचं, परंपरेने त्याच्या आईचं मानतात. प्लेट साधारण साडेसहा सेंटिमीटरची, तळहातावर सहज मावणारी. डोक्यावर कापड, ओठ पातळ होऊन एकमेकांवर मिटलेले, गालाच्या हाडाखाली सावली, कपाळावर आणि डोळ्यांभोवती रेघांची दाटी. एवढ्याशा जागेत त्याने म्हातारपणाचं काहीही वगळलेलं नाही. पण त्या बाईची नजर बघा. ती आपल्याकडे नाही. ती कशात तरी गढलेली आहे आणि ते काय, हे चित्र आपल्याला सांगत नाही. आपल्याला तिची दया येते की कौतुक वाटतं, याच्याशी तिला काही कर्तव्य नाही. तीनेक वर्षांनी, १६३१ च्या सुमाराला, त्याने पुन्हा तिला टेबलाशी बसवली. या वेळी प्लेट मोठी, वस्त्रं काळी, हातावर हात ठेवलेला, नजर पुन्हा दुसरीकडे. बघणाऱ्याला तिच्याजवळ जाता येतं, तिच्या आत शिरता येत नाही.

माझं म्हणणं इथे आहे. व्यक्तिचित्रात म्हाताऱ्या माणसाचा मान राखणं म्हणजे त्याचं आतलं आयुष्य त्याच्याच ताब्यात राहू देणं. चित्रकाराने सगळं पाहावं, जे दिसलं ते निर्भीडपणे काढावं, आणि तरीही चित्रातला माणूस बघणाऱ्याच्या सोयीसाठी तिथे बसला आहे असं वाटू देऊ नये. हॉलरच्या चेहऱ्यांना आतलं आयुष्यच नाही. गोयाच्या म्हातारीला ते असेल, पण चित्रात तिच्या मागे उभ्या असलेल्या लोकांनी ते हिसकावून घेतलं आहे.

तंत्राचाही यात वाटा आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. तांब्याच्या प्लेटवर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर देतात. त्यावर सुईने चित्र काढलं की तेवढाच थर निघतो आणि खालचं तांबं उघडं पडतं. मग प्लेट आम्लात ठेवायची. उघडं तांबं खाल्लं जाऊन तिथे खाचा पडतात. थर काढून टाकून प्लेटवर शाई चोळायची, वरवरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागदासह प्रेसच्या रुळांमधून दाबून काढायची. खाचेतली शाई कागदावर येते. यात सुई थेट धातूशी झुंजत नाही, मऊ थरातून सरकते. म्हणून हात लेखणीसारखा मोकळा चालतो, अडखळतो, परत फिरतो, रेघ मध्येच सोडूनही देतो. याउलट कोरणीने तांबं थेट खोदायचं म्हटलं की मनगटाला जोर लावावा लागतो आणि रेघा शिस्तीत, समांतर, फुगत-निमुळत्या होत जातात. राजे, सेनापती आणि धर्मगुरू यांच्या छापील प्रतिमांना ती शिस्त शोभायची. थकलेल्या पापणीला ती शोभत नाही.

आम्ल तांबं खातं तसा काळ चेहरा खातो, हे वाक्य एचिंगबद्दलच्या लिखाणात फार वेळा भेटतं. ऐकायला चांगलं वाटतं, पण त्याने म्हातारपण म्हणजे झीज आणि नुसती झीज, असं आपण न बोलता कबूल करून टाकतो. प्रत्यक्ष कामात आम्लाने न खाल्लेला तांब्याचा भाग कागदावर काहीच उमटवत नाही. चित्र असतं ते खाल्लेल्या जागीच. शिवाय रेम्ब्रांच्या म्हाताऱ्या चेहऱ्यांत रेघांइतकाच महत्त्वाचा असतो तो कोरा सोडलेला कागद. कपाळाचा एखादा उजळ भाग, दाढीच्या कडेला विरत गेलेली जागा. तिथे त्याने काहीही सांगितलेलं नाही. एवढा निरीक्षक माणूस ठरवून थांबतो, तेव्हा त्या थांबण्यात समोरच्याबद्दलचा आदर असतो असं मी मानतो.

आता यान लुत्माचं १६५६ सालचं एचिंग घेऊ. लुत्मा ॲम्स्टरडॅममधला नामवंत सोनार आणि चांदीकाम करणारा कारागीर. त्या वेळी सत्तरी ओलांडलेला. उंच पाठीच्या खुर्चीत तो बसला आहे, खुर्चीच्या पाठीवर सिंहाची डोकी आहेत, अंगावर जाड कपडे, डोक्यावर टोपी. डोळ्यांवर सावली आहे आणि तोंडाच्या कोपऱ्यात हसू म्हणावं की नाही असं काहीतरी. हातात धातूची एक वस्तू धरली आहे. शेजारच्या टेबलावर चांदीचं पात्र, हातोडी आणि ठशांनी भरलेलं एक भांडं. पहिल्या छापांत मागे खिडकी नव्हती, ती रेम्ब्रांने नंतर घातली. नंतरच्याच छापांवर लुत्माचं नाव आहे आणि नावापुढे लॅटिनमध्ये त्याचा धंदा, सोनार.

ते टेबल मला फार बोलकं वाटतं. हातोडी आणि ठसे शोभेसाठी मांडलेले दिसत नाहीत, हात लांबवला की सापडतील असे पडलेले आहेत. सत्तरीचा माणूस इथे ‘एके काळी कारागीर होता’ असा नाही, तो कारागीर आहे. वृद्धांबद्दलच्या आजच्या लिखाणात ‘होते’ हे क्रियापद किती वेळा येतं ते मोजायला हवं. शिक्षक होते, परिचारिका होत्या, इंजिनिअर होते. माणूस जिवंत असताना त्याचं सगळं कर्तृत्व भूतकाळात ढकलून आपण त्याला वर्तमानात फक्त वय देतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. लुत्मा यशस्वी माणूस होता. त्याच्या हातात हुनर होता, घरात पैसा होता, चित्र काढायला रेम्ब्रां होता. अशा माणसाचा मान राखायला काय लागतं? ज्याला आता काही करता येत नाही, ज्याचे हात थरथरतात, ज्याची आठवण गेली आहे, त्याच्या टेबलावर कुठली हातोडी ठेवणार? मान जर कामावर अवलंबून असेल तर काम थांबल्यावर मानही संपला पाहिजे. म्हाताऱ्या माणसांबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ लोक नकळत याच खड्ड्यात पडतात. नव्वदीत मॅरेथॉन पळणारे आजोबा, ऐंशीत पदवी घेणाऱ्या आजी यांच्या बातम्या आनंदाच्याच असतात. पण त्यांचा असा मारा चालू राहिला की अंथरुणाला खिळलेल्या माणसाने काहीतरी कसूर केली आहे, असा अर्थ निघायला लागतो.

या आक्षेपाचं उत्तर रेम्ब्रांच्याच एका दुसऱ्या प्लेटमध्ये आहे. १६५१ सालचा ‘आंधळा टोबिट’. हे व्यक्तिचित्र नाही, धर्मकथेतला प्रसंग आहे, पण म्हातारपणाबद्दल इतकं खरं चित्र मला दुसरं माहीत नाही. आंधळ्या टोबिटचा मुलगा लांबच्या प्रवासाला गेलेला आहे, तो परत आल्याची चाहूल लागते आणि म्हातारा खुर्चीतून उठून दाराकडे निघतो. काठी आहे, पुढे केलेला हात चाचपडतो आहे, पायांत कुत्रा घोटाळतो आहे, घाईत चरखा उलटून पडला आहे. आणि तो दार चुकला आहे. दार बाजूला राहिलं, हा भिंतीच्या दिशेने चालला आहे, समोर स्वतःचीच सावली पडली आहे आणि ती त्याला दिसत नाही.

शरीर निकामी होणं यात पूर्ण दाखवलं आहे. कुठलाही मुलामा नाही, कुठलंही सांत्वन नाही. तरीही टोबिटला हसावंसं वाटत नाही आणि त्याची नुसती कीवही येत नाही, कारण आपल्याला दिसतं ते त्याचं चुकणं आणि ज्यासाठी तो चुकतो आहे ते, दोन्ही एकदम. त्याला मुलाला भेटायचं आहे. ती इच्छा धडधाकट आहे, तिला वय लागलेलं नाही. मान कर्तबगारीवर अवलंबून नाही, माणसाला अजून काहीतरी हवं असण्यावर, कुणाची तरी वाट पाहण्यावर, एखाद्या गोष्टीला नकार देण्यावर आहे. ज्याची आठवण गेली आहे त्यालाही काही आवडतं आणि काही नको असतं. चित्र काढणाऱ्याने आणि फोटो घेणाऱ्याने ते शोधायचं असतं.

गरिबांच्या बाबतीत हे आणखी अवघड होतं, कारण गरीब म्हाताऱ्याचं चित्र जवळजवळ नेहमी दुसऱ्याच्या कामासाठी काढलं जातं. रेम्ब्रांच्या आधी झाक कालोने १६२० च्या दशकात भिकाऱ्यांची २५ एचिंगची मालिका केली होती. रेम्ब्रांने ती पाहून शिकून भिकारी काढायला सुरुवात केली. १६३० मधल्या एका छोट्या प्लेटवर उंचवट्यावर बसलेला, फाटक्या कपड्यांतला, हात पसरलेला भिकारी आहे आणि त्याचा चेहरा रेम्ब्रांचा स्वतःचा आहे. असं का केलं यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे. कारण काहीही असो, एकदा पसरलेल्या हाताच्या वर स्वतःचा चेहरा बसवून पाहिलेला माणूस पुढे भिकाऱ्याला नमुना म्हणून पाहू शकेल असं मला वाटत नाही. १६४८ सालच्या एका प्लेटवर दारात आलेल्या भिकारी कुटुंबाला नाणं दिलं जातं आहे. ते देणारा, अर्ध्या दारामागून वाकलेला माणूस म्हातारा आहे. मदतीच्या आवाहनांमधली आजची चित्रं आठवून पाहा. त्यांत म्हातारा माणूस कधी देताना दिसतो का? नातवंडं सांभाळणारे, आजारी जोडीदाराची रात्रंदिवस सेवा करणारे, तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून मुलांचं कर्ज फेडणारे म्हातारे जगभर घरोघरी आहेत. चित्रांत मात्र त्यांचा हात नेहमी घेणाऱ्याचाच.

१६५५ सालचा म्हातारा हारिंगही इथे आठवतो. दिवाळं निघालेल्यांच्या मालमत्तेचं काम पाहणाऱ्या ॲम्स्टरडॅमच्या कचेरीत तो देखरेखीचं काम करी. पुढच्याच वर्षी रेम्ब्रांला स्वतःची मालमत्ता त्या कचेरीच्या हवाली करावी लागली. हारिंग कुणी मोठा माणूस नव्हता. पण ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे थेट तांब्यावर सुईने ओरखडून केलेल्या त्या चित्रात खिडकीतून येणारा उजेड, खुर्चीच्या हातांवर टेकलेले हात आणि तो दमलेला, शांत चेहरा यांना धनवंतांपेक्षा तसूभरही कमी लक्ष मिळालेलं नाही. ड्रायपॉइंटमध्ये सुईमुळे तांब्याची जी बारीक कड वर येते तिच्यात शाई धरून मखमली काळा रंग मिळतो. थोडेच छाप काढले की ती कड दबून जाते. म्हणजे एका राखणदाराच्या चित्रासाठी चित्रकाराने आपलं सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात लवकर झिजणारं तंत्र वापरलं.

या सगळ्यात रेम्ब्रां साधुपुरुष होता असं मला म्हणायचं नाही. लायडनच्या दिवसांत त्याने काढलेली कितीतरी म्हातारी डोकी ही नावाची व्यक्तिचित्रं नव्हतीच. दाढी, टक्कल, फेटा अशा वैशिष्ट्यांसाठी काढलेले चेहरे होते ते, आणि अशा चेहऱ्यांना बाजारात मागणी होती. त्यांच्यासाठी बसलेल्या बहुतेक म्हाताऱ्यांची नावं उरली नाहीत. त्यांना काय मिळालं, त्यांना आपले चेहरे घरोघरी जावेत असं वाटत होतं का, हे विचारायला हवं. माझ्या मते आदराने काढलेलं चित्रसुद्धा संमतीची जागा घेऊ शकत नाही.

ब्रिटिश चित्रकार ल्युसियन फ्रॉइडने १९८२ मध्ये आपल्या आईचं एचिंग केलं. तांब्याची प्लेट तो कॅनव्हाससारखी इझलवर उभी ठेवून काम करी. नवऱ्याच्या मृत्यूनंतर खोल नैराश्यात गेलेल्या आईला त्याने वर्षानुवर्षं समोर बसवून चित्रित केलं. ती चित्रं थोर आहेत, त्यांत खोटं काही नाही. तरीही जिला आता कशातच रस उरलेला नाही अशा व्यक्तीने ‘बस म्हटलं म्हणून बसणं’ याला होकार म्हणायचं का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. मुलगा रोज समोर बसतो, तासन्‌तास फक्त आपल्याकडे पाहतो, हे त्या आईला सोबतीसारखं वाटलं असेल. तसं असेल तर त्या बैठकांची बाजू घेता येते. पण मग चित्राची बाजू आपण त्या सोबतीवरून घेत असतो, चित्राच्या सौंदर्यावरून नाही, हे स्पष्ट असावं.

मुद्दा आजचा आहे तो इथेच. एचिंग हे पहिल्यापासून अनेक प्रतींत निघणारं, हातोहात फिरणारं माध्यम. त्यातला चेहरा ज्यांनी त्या माणसाला कधी पाहिलं नाही त्यांच्या घरात जाऊन पोचायचा. आपल्या हातातल्या फोनने तेच हजारो पटींनी वाढवलं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांनी २०२१ मध्ये वयावरून होणाऱ्या भेदभावावर अहवाल काढला. जगात दर दोन माणसांमागे एकाच्या मनात वृद्धांबद्दल पूर्वग्रह आहे असा अंदाज त्यात दिला आहे. वृद्धांसाठीची संयुक्त राष्ट्रांची तत्त्वं १९९१ सालची, आणि त्यांतल्या पाच मथळ्यांपैकी एक प्रतिष्ठा हाच आहे. कागदावर सगळं आहे. पण पूर्वग्रह कागदावरच्या तत्त्वांनी बनत नाही, रोज नजरेखालून जाणाऱ्या चित्रांनी बनतो.

ती चित्रं ठरावीक आहेत. एक म्हणजे चेहरा कापून टाकलेले हात, सुरकुतलेले, मांडीवर ठेवलेले, बहुधा एखाद्या तरुण हाताने वरून धरलेले. निवृत्तिवेतनाची बातमी असो की स्मृतिभ्रंशाची, हेच हात. ब्रिटनमधल्या सेंटर फॉर एजिंग बेटर या संस्थेने २०२१ मध्ये वृद्धांच्या वेगळ्या, रोजच्या आयुष्यातल्या छायाचित्रांचा मोफत संग्रह खुला केला, तो याच ठोकळेबाजपणाला कंटाळून. दुसरं चित्र चकचकीत जोडप्याचं, पांढरे केस आणि तरुण दात. तिसरं मला सगळ्यात जास्त खुपतं. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी विचारून, घाबरवून, नाचवून काढलेला व्हिडिओ. आजीला फोन कळत नाही, आजोबा नाव विसरतात, खोलीतला कुणीतरी हसतो आहे आणि लाखो लोक हसताहेत. वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थासुद्धा उत्साहाच्या भरात असले व्हिडिओ टाकतात. गोयाच्या प्लेटमधल्या त्या तरुणांना निदान हसू दाबावंसं वाटलं होतं.

यावर मिळणारं उत्तर ठरलेलं असतं, ‘अहो, प्रेमानेच काढलाय’. असेल. प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण टोबिटही दार चुकलेलाच आहे, आणि तिथे रेम्ब्रांने हसायला कुणी उभं केलेलं नाही. तो कुणाकडे निघाला आहे हे आपल्याला ठाऊक असतं. व्हिडिओत म्हाताऱ्या माणसाचं चुकणं तेवढं शिल्लक राहतं, तो काय करायला निघाला होता ते कापलं जातं.

फोनमधल्या कॅमेऱ्याने आपोआप सुरकुत्या पुसून टाकणं मला त्या मानाने लहान गुन्हा वाटतो. म्हातारीला आपण गुळगुळीत दिसावंसं वाटलं तर तो तिचा हक्क आहे, जसा आरशासमोर साज चढवण्याचा आहे. सुरकुती पुसायची की ठेवायची हे यंत्राने न विचारता ठरवावं, एवढ्यालाच माझी हरकत आहे. सुरकुत्यांचं कौतुक करणाऱ्या कलारसिकांनाही हेच सांगणं आहे. सुरकुती सुंदर आहे असं दुसऱ्याच्या चेहऱ्याबद्दल ठरवणं सोपं असतं.

मदतकार्य करणारे लोक विचारतील, दयेचं चित्र काढून टाकलं तर पैसे कसे यायचे? त्यांची अडचण खोटी नाही, पण जर्मन चित्रकार काथे कोल्व्हिट्झचं काम त्यांनी पाहावं. एचिंगमधून विणकर आणि शेतकरी यांचे उठाव दाखवत ती मोठी झाली, पुढे लिथोग्राफकडे, म्हणजे दगडावर काढून छापायच्या चित्रांकडे वळली आणि १९२० च्या दशकात उपासमारीविरुद्ध मदत मागणारी पोस्टरं तिने केली. त्या पोस्टरांत भूक उघडी आहे, चेहरे मात्र कुणाच्या तरी पायाशी लोळण घेत नाहीत. तिने स्वतःचं म्हातारपणही तसंच नोंदवलं. सत्तरीतल्या एका लिथोग्राफमध्ये ती बाजूने दिसते, खांदे झुकलेले, आपल्याकडे पाठ नाही आणि तोंडही नाही. मदत मागता येते आणि मान ठेवून मागता येते, एवढं तरी तिच्या कामावरून सिद्ध झालेलं आहे.

संपादक, रुग्णालयं, वृद्धाश्रम, सरकारी खाती यांच्याकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. म्हाताऱ्या माणसाचं चित्र छापायचं तर त्याला विचारावं, आणि विचारताना ‘नाही’ म्हणायला जागा ठेवावी. हात दाखवायचे तर हात काय करताहेत ते दाखवावं. लुत्माच्या प्लेटवर नाव आणि धंदा आहे, तसं फोटोखाली नाव आणि काम लिहावं, वर्तमानकाळात. नाव नको असेल तर ते त्या माणसाने सांगावं, कचेरीने परस्पर ठरवू नये. ज्याला आता संमती देता येत नाही त्याच्या बाबतीत घरच्यांची सही पुरेशी समजू नये. ही व्यक्ती भान शाबूत असताना या फोटोला काय म्हणाली असती, हे घरच्यांनी आधी एकमेकांना विचारावं आणि उत्तर धूसर असेल तर फोटो घरातच ठेवावा. आणि हे नवीन फोटोंपुरतंच नको. संस्थांनी आपल्या संकेतस्थळांवरचे, माहितीपत्रकांतले जुने फोटो एकदा काढून बसावं. कोणत्या फोटोतल्या माणसाचं नाव कुणालाच सांगता येत नाही, कोणता विचारून घेतल्याची नोंद सापडत नाही, ते तपासावं आणि असे फोटो उतरवावेत. काम कंटाळवाणं आहे. पण ते एका कर्मचाऱ्याला काही दिवसांत करता येण्याजोगं आहे, आणि त्यासाठी कुठल्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.